टोयोटा मिराई: घेण्याआधी पंप बघा

डिसेंबर २०२० मध्ये जपानात आलेली दुसऱ्या पिढीची मिराई, म्हणजे हायड्रोजनपासून स्वतःच वीज बनवून चालणारी टोयोटाची गाडी, चालवायला सुरेख आहे, यात वाद नाही. मागच्या चाकांना ओढणारी १३४ किलोवॅटची मोटर, ना थरथर ना गिअरचे झटके. वजन दोन टनांच्या आसपास, त्यामुळे ही उडवायची गाडी नव्हे, लांब पल्ल्याची. लांबी पाच मीटरला टेकलेली, पण डिकी छोट्या हॅचबॅकएवढीच. कारण जागा हायड्रोजनच्या टाक्यांनी खाल्लीय: एक मधल्या बोगद्यात उभी, दोन मागे आडव्या. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याचे पाय त्या बोगद्यामुळे अवघडतात.

तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन, ७०० बार दाबाने. पुढच्या स्टॅकमध्ये, म्हणजे वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या थप्पीत, ३३० सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकात प्लॅटिनमवर हायड्रोजन फुटून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो, इलेक्ट्रॉनला मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि तीच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी होतं. पार्किंगमध्ये ते सांडू नये म्हणून आधीच बाहेर टाकायचं वेगळं बटण आहे, ते वापरा. बॅटरी जेमतेम सव्वा युनिटची. ब्रेकची ऊर्जा साठवायला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्टॅक सावरेपर्यंत टेकू द्यायला तेवढी पुरते.

भरणं कागदावर पाच मिनिटांचं. गाडी बंद करा, नोझल बसवा, खटका पूर्ण लावा, बाकी पंप बघतो. गॅस टाकीत दाबला की तापतो, म्हणून पंप तो आधीच उणे ४० अंशांपर्यंत थंड करतो. दमट दिवशी त्यामुळे नोझलवर बर्फ धरतो आणि ते गाडीला चिकटून बसतं. अशा वेळी हिसका देऊ नका, दोन-चार मिनिटांत सुटतं. लागोपाठ गाड्या आल्या की पंपाच्या साठ्यातला दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर तो भरून काढेपर्यंत रांग थांबते. ३५० बारचं नोझलही बसतं, पण टाकी साधारण ६० टक्क्यांवरच थांबते.

देखभालीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्टॅकचा कूलंट वेगळा असतो, वीज न वाहणारा. बाजारातला साधा कूलंट टॉपअप केलात तर त्यातल्या आयनांमुळे (विद्युतभार असलेल्या कणांमुळे) इन्सुलेशन घसरतं आणि गाडी फॉल्ट दाखवते. आयन फिल्टरही वेळापत्रकानुसार बदलावा लागतो.

कंपनीचा पल्ला ६५० किमी. गाडी मार खाते ती इंधनात. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये दर किलोला ३६ डॉलरपर्यंत गेला, म्हणजे टाकी फुल करायला दोनशे डॉलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने तिथले आपले कारचे हायड्रोजन पंप बंदच केले. म्हणून तिथे सेकंडहँड मिराई मातीमोल भावात मिळते. तिकडच्या आपल्या मंडळींनी मोहात पडण्याआधी इंधनाचं झाकण उघडून टाकीची मुदत वाचावी. टाक्या बनल्यापासून १५ वर्षांच्या. मुदत संपली की भरता येत नाही.

पर्यावरणाचं म्हणाल तर धुराड्यातून फक्त पाणी, हे खरंच. पण नैसर्गिक वायूपासून किलोभर हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यापासून काढायचा तर किलोला ५० ते ५५ युनिट वीज जाते. त्यावर मिराई शंभर-सव्वाशे किमी धावते. तेवढ्याच विजेवर बॅटरीची गाडी तीनशेच्या घरात जाते. बसगाड्या, ट्रक यांचं गणित वेगळं. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०२२ मध्ये फ्युएल सेलची बस दाखवली, ती दिशा जास्त पटते: रोज एकाच डेपोत परतणाऱ्या गाडीला एक पंप पुरतो.

भारतात मिराई २०२२ च्या मार्चमध्ये गडकरींच्या हस्ते चाचणीपुरती आली. परदेशात घेणाऱ्याने मात्र घरापासून पंधरा-वीस किलोमीटरांत चालू असलेले दोन पंप असतील तरच शोरूमची पायरी चढावी, एक बंद पडला तर दुसरा हवाच.