जुनी बीटल घेताना: गिअरबॉक्स बदललेली बरी की पेडल बदललेली?

दोन जुन्या फोक्सवॅगन बीटल विकायला आहेत असं धरू. दोन्ही चालतात, किंमतही साधारण सारखीच. पहिलीचा गिअरबॉक्स मागाहून आलेल्या मॉडेलचा आहे. दुसरीचा गिअरबॉक्स मूळचा, पण पेडलांचा संच कुठून तरी आणून बसवलेला. बडोद्यात मी ज्यांच्याशी या विषयावर बोललो, त्यातल्या बहुतेकांचा कल दुसरीकडे असतो. गिअरबॉक्स म्हणजे मोठं काम, पेडल काय, चार लोखंडी पट्ट्या! मी मात्र पहिली घेईन.

अदलाबदल ओळखायला गाडीखाली वाकून पाहिलं तरी पुरतं. १९६१ च्या मॉडेलपासून डीलक्स बीटलला चारही गिअरना सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली सोय) असलेला, एकसंध कवचाचा बॉक्स आला. त्याआधीचं कवच दोन अर्ध्यांचं, मधोमध बोल्टांनी आवळलेलं, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. तेव्हा १९५९ च्या गाडीखाली एकसंध कवच दिसलं की काय झालंय ते कळलंच. हा बदल मला खटकत नाही. रावपुऱ्यातल्या गर्दीत पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडणं ही मोठी सोय आहे.

खटकायला हवी ती मागची दांडी, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणारी. जुन्या रचनेत दोन्ही बाजूंच्या दांड्या बंद नळीत असतात आणि रबरी बूट फक्त गिअरबॉक्सजवळ दिसतं. नंतरच्या रचनेत दांडी उघडी असते, दोन्ही टोकांना सांधा आणि बूट. जुन्या चॅसिसवर ही नवी रचना बसवायची तर ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात. तसं वेल्डिंग दिसलं तर पहिली गाडीही सोडा.

क्लचच्या भागांचा बेमेळ मात्र घाबरण्यासारखा नाही. १९७० च्या सुमारापर्यंतच्या प्रेशर प्लेटला (क्लचची चकती दाबून धरणारी प्लेट) मधे कडी असते आणि क्लच दाबला की तिच्यावर टेकणारं रिलीज बेअरिंग नुसतं फाट्याला अडकवलेलं. पुढे बेअरिंग नळीवरून सरकू लागलं आणि कडी गेली. एका काळाचं बेअरिंग दुसऱ्या काळाच्या प्लेटवर चालवलं तर दोन्ही अकाली झिजतात. इंजिन चार बोल्टांवर आहे. ते उतरवून बेअरिंग आणि प्लेट एकाच काळाची घातली की प्रश्न संपला. तेव्हाच फ्लायव्हीलचे (इंजिनामागचं जड दातेरी चाक) दातेही मोजून घ्या: ६ व्होल्टच्या गाडीचे १०९, १२ व्होल्टच्या गाडीचे १३०. मोठं फ्लायव्हील जुन्या कवचात आतून घासल्याशिवाय बसत नाही.

आता पेडल. बीटलची पेडलं जमिनीतून वर येतात आणि संच मधल्या बोगद्याच्या (दोन सीटांमधून मागे जाणारा तळाचा पोकळ उंचवटा) कुशीला बोल्टांनी बसतो. क्लचची केबल त्याच बोगद्यातून मागे जाते. आपल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, आणि परदेशात सहज मिळणारा माल बहुतेक डाव्या स्टिअरिंगचा. तो इथे सरळ बसत नाही, म्हणून कुणीतरी बोगदा कापतो, पट्टी वाकवतो, ब्रेकच्या रॉडला तुकडा जोडून लांबी वाढवतो. हा रॉड मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पंप) सरळ जायला हवा आणि टोकाशी साधारण १ मिलिमीटर मोकळीक हवी. मोकळीक नसेल तर तेल परतायचं छिद्र झाकलेलं राहतं. मग गाडी तापली की ब्रेक आपोआप धरू लागतात. घाटात किंवा महामार्गावर हे जिवावर बेतू शकतं. क्लच पेडलची मोकळीक १० ते २० मिलिमीटर असते, ती हातानेच तपासता येते. (अॅक्सिलरेटरला १९५७ पर्यंत रूळ होता, नंतर चपटं पेडल आलं. तिथला फरक दिसण्यापुरताच, सोडून द्या.)

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी कुठे उभी होती, हे दोन्ही मालकांना विचारा. पेडलांचा आस तळाशीच असल्यामुळे तो लवकर गंजतो आणि पेडल सावकाश परतू लागतं. चॅसिस नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावरच कोरलेला असतो, तो आरसी बुकाशी ताडून घ्या.

मन दुसरीवरच बसलं असेल, तर मॅटिंग उचलून बोगदा पाहा. कापलेला नसेल तरच पुढे बोला, आणि उजव्या स्टिअरिंगच्या संचाची किंमत भावातून वजा करा. हा संच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेत शोधावा. पार्ट नंबर ११४ ने सुरू होणारा असेल तर तो उजव्या स्टिअरिंगचा, आणि क्लचची केबलही ११४ नेच सुरू होणाऱ्या क्रमांकाची मागवावी.