पावडरचं वजन की बुलेटची खोली?

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्याची .३०८ रायफल १०० यार्डांवर गोळ्या विखरायला लागली, की त्याचा हात आधी पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, तोलायच्या काट्याकडे जातो. मला हा क्रम उलटा वाटतो. वजनातल्या किरकोळ फरकाने वेग बदलतो, पण त्यामुळे होणारा उभा पसारा खरा दिसतो तो ५००-१००० यार्डांवर. शिवाय क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेगातला फरक आधीच दाखवतो. जवळच गट, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, फुटत असेल तर (स्कोपचे, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचे, स्क्रू घट्ट आहेत ना?) बुलेट काडतुसाच्या नळकांड्यात किती खोल बसवलीय ते बघावं. बुलेटचं नळीतल्या आट्यांपासूनचं (गोळीला फिरकी देणाऱ्या कडांपासूनचं) अंतर काही शतांश इंचांनी बदललं तरी गट आवळू शकतो. बुलेट आट्यांना टेकली मात्र दाब चढतो, तेव्हा पावडर कमी करूनच सुरुवात. आणि तीन गोळ्यांवरून निकाल नको, निदान दहा झाडा.