उघडा पत्रा आणि गोव्याची हवा: रेड ऑक्साईड की इपॉक्सी?

रंग उतरवलेला पत्रा गोव्यात रात्रभरसुद्धा उघडा ठेवता येत नाही, हे गाडी खोललेल्या कुणालाही सांगायला नको. लोखंडाला गंज पकडायला हवेत साधारण 60 टक्के आर्द्रता पुरते, आणि पावसाळ्यात इथे ती बहुतेक वेळ 80-90च्या घरात असते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर मिठाची भर वेगळी. मीठ ओलावा ओढून घेतं, म्हणजे कोरड्या दिवसाचाही भरवसा नाही. घासून लख्ख केलेल्या दाराला घामेजला अंगठा टेकला, तर दुसऱ्या दिवशी तिथे अंगठ्याच्या रेघा तांबूस उमटलेल्या दिसतात.

तेलाचा हात मारून ठेवणारे आहेत. चार दिवसांसाठी ठीक; पुढे ते सांध्यांतून काढताना जीव जातो आणि कुठे राहिलं तर रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. फॉस्फोरिक आम्लाचं ‘रस्ट कन्व्हर्टर’ खड्ड्यातल्या उरलेल्या गंजाला चांगलं, पण दोन पत्र्यांच्या जोडात शिरलं की धुता येत नाही, आणि धुवायला जावं तर पाणी आत जातं. शिवाय त्याचा अंश राहिला तर वर इपॉक्सी नीट धरत नाही. त्यामुळे खरी निवड रेड ऑक्साईड आणि इपॉक्सी या दोन प्रायमरांतच, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरांतच, उरते.

रेड ऑक्साईडची बाजू मी उगाच हलकी करणार नाही. डबा उघडा, थिनर घाला, ब्रशने मारा. उरलं तर झाकण घट्ट लावून ठेवा. डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि खिशाला झेपतं. जीपची चासी, बॅटरीचा ट्रे, वर लगेच इनॅमल बसणार असे भाग, यांना मी आजही तेच लावीन. तुमचा डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर, दिलेल्या दिवशी येणाऱ्यांपैकी असेल, तर बॉडीलाही चालून जाईल.

पण आमच्याकडे डेंटर चवथीआधी येतो म्हणतो आणि दिवाळीनंतर उगवतो. मधले सगळे महिने गाडी शेडमध्ये आणि शेडबाहेर पाऊस. रेड ऑक्साईडचा थर सच्छिद्र असतो. वर टॉपकोट, म्हणजे शेवटचा रंग, नसेल तर ओल हळूहळू आत झिरपते. हे सगळेच सांगतात. माझं मन ज्याने फिरवलं ती कटकट वेगळीच, आणि ऐकायला क्षुल्लक वाटेल. त्याचा रंग.

त्यातला लाल रंग मुळात लोहाचाच ऑक्साईड, गंजाचा सख्खा भाऊ. त्यामुळे खाली गंज सुरू झाला तरी वरून काही कळत नाही. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीची ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर ऐन पावसात एकसारखी तपकिरी, अगदी निरोगी दिसत होती. सहज स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर नखाएवढा पापुद्रा उचलला गेला. आतल्या बाजूला काळपट भुकटी, आणि पत्र्यावर खड्डे. टॉर्च घेऊन रोज पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. तेव्हापासून दर इंचावर संशय. पत्रा झाकला खरा, पण त्यावर नजर ठेवायची सोय गेली.

करड्या इपॉक्सीवर हेच उलट. दाराच्या खालच्या कडेला, जिथे दुमड असल्याने थर पातळ बसतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका आला की लांबून दिसतो. तेवढंच घासायचं, तेवढंच पुन्हा मारायचं. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घेतली तर एवढ्याशा कामापुरतेही इपॉक्सीचे दोन भाग, बेस आणि तो घट्ट करणारा हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणात मोजता येतात.

पुढच्या कामातही फरक पडतो. इपॉक्सीवर घासून थेट पुट्टी भरता येते. रेड ऑक्साईडवर पुट्टी भरवशाने धरत नाही, आणि वर टू-के सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा, दोन भाग मिसळून मारायचा थर) मारला तर त्याच्या जहाल थिनरने खालचा थर सुरकुततो. म्हणून चांगला पेंटर ते आधी सगळं काढायलाच लावतो. म्हणजे स्वस्ताईतला बराच भाग घासण्याच्या मजुरीत गेला.

इपॉक्सीचे नखरे आहेतच. एकदा मिसळलं की घड्याळ सुरू, आणि एप्रिलच्या उकाड्यात डब्यावर लिहिलेला वेळही पुरत नाही. दुसऱ्या कोटाची मुदत उलटली तर सगळं घासून खरखरीत करावं लागतं. मी पॅनलवर मास्किंग टेप चिकटवून तारीख लिहितो. दमट हवेत पृष्ठभागावर कधी चिकट, तेलकट साय येते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्याशिवाय पुढे जाऊ नये. उन्हात ठेवलं तर इपॉक्सी खडूसारखं पांढुरकं होतं, तेव्हा गाडी अंगणात राहणार असेल तर वर काहीतरी मारावंच लागेल. हार्डनर कातडीला बाधतो, म्हणून हातमोजे हवेत, आणि स्प्रे गनने मारणार असाल तर कार्बनच्या काडतुसाचा मास्क. रुमाल बांधून भागत नाही.

वेल्डिंग बाकी असेल तर तेवढी पट्टी मोकळी सोडा आणि एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या आत जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून थेट वेल्डिंग करता येतं) मारा. बाकी सगळीकडे, गाडी महिनाभरापेक्षा जास्त उघडी राहणार असेल, तर माझं मत इपॉक्सीला. तुमची शेड खरंच कोरडी असेल तर तुमचा हिशेब वेगळा येऊ शकतो.

जमलं तर रंग उतरवायचं काम दिवाळीनंतरच काढा, आणि कोट सकाळी लवकर मारू नका. थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश वर हवं. दहा-अकरापर्यंत शेडचं दार उघडं ठेवा, पत्रा हाताला कोमट लागला की मगच बेसमध्ये हार्डनर ओता.