विणलेलं घर फोंड्याच्या पावसात: किटचा नऊ महिन्यांचा अनुभव

गोव्यात लोकर विकत घेणाऱ्या बाईकडे दुकानदारसुद्धा जरा वळून बघतो. इथं स्वेटर घालायचा कधी? मलाही स्वेटर नकोच होता. शोकेसमध्ये ठेवायला मुठीएवढी घरं विणायची होती, म्हणून जानेवारीत ऑनलाइन ८५० रुपयांचं किट मागवलं. त्यात लोकरीचे चार गुंडे, बांबूच्या दोन सुया, आत भरायचा पॉलिस्टरचा कापूस, भिंतींना आधार म्हणून कापलेला पुठ्ठा आणि इंग्रजी पत्रक होतं. आता गणपतीची चवथही होऊन गेली. सहा घरं झाली, त्यातलं एक कचऱ्यात गेलं.

बांबूची एक सुई दुसऱ्याच आठवड्यात टोकाशी चिरली आणि लोकर अडकायला लागली. पत्रकात ‘३ नंबर’ लिहिलेलं बघून सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यातून ३ नंबरच्या ॲल्युमिनियमच्या सुया काढल्या. चांगल्या जाड निघाल्या, पण मी विणत राहिले. अर्धं छप्पर झाल्यावर सासूबाईंनी ते उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, “अगो, यात मासळी धरणार आहेस?”

घोळ असा की पत्रकातला नंबर अमेरिकन होता. अमेरिकन ३ म्हणजे ३.२५ मिलिमीटर. आपल्या जुन्या सुयांवरचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, ते उलटे चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. त्या हिशेबानं आपली १० नंबरची सुई घ्यायला हवी होती आणि मी घेतली होती साडेसहा मिलिमीटरची. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर बघा. लोकरीच्या पट्टीवर ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली होती, तरी घरासाठी बारीकच बरी. टाके दाट बसले नाहीत तर कापूस भरल्यावर भिंतीतून पांढरा डोकावतो.

पत्रकाला दाद द्यायची ती एका गोष्टीसाठी. चारही भिंती एकाच पट्टीत विणायच्या आणि जिथं घडी हवी तिथं सुलट बाजूनं एक पूर्ण ओळ उलट्या टाक्यांची घालायची. पट्टी बरोबर त्या रेघेवर दुमडते, कोपरा करायला वेगळी शिवण लागत नाही. छप्पर मात्र माझ्या मनासारखं नव्हतं. सगळ्या ओळी सुलट, म्हणून आडव्या वळ्या, वर धुराडं आणि धुराड्यावर बर्फ! मला मंगळुरी कौलांच्या उभ्या पन्हळी हव्या होत्या. दोन सुलट, दोन उलट असं विणून बघितलं, तर विण आतल्या आत आकसली आणि वळचण भिंतीच्याही आत गेली. आठ टाके वाढवल्यावर तिसऱ्या घराला छप्पर पुरलं.

भिंतींसाठी किटमध्ये पांढरी लोकर. पहिलं घर पाहून नवरा म्हणाला, “कपेल छान झालंय.” कपेल म्हणजे छोटं चर्च. पांढरा रंग चर्चचा, घरांना द्यायचा नाही, अशी पोर्तुगीज काळातली रीत पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत कुणीही सांगतं. पुढची घरं पिवळी, निळी, काव रंगाची केली. खिडक्यांना जुन्या ब्लाउजची शिंपल्याची बटणं लावली. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना शिंपल्यांचे तुकडे आहेत, त्यांच्यासारखीच ती उजेडात दुधाळ दिसतात.

खरी परीक्षा जूनपासून. जुलैच्या मध्याला पहिलं घर एका अंगावर कललं. शिवण उसवून पाहिलं तर पुठ्ठा न भाजलेल्या पापडासारखा लिबलिबीत, कडेला काळे ठिपके. लोकरीला काही झालं नव्हतं. ती ॲक्रिलिक, पाणी फारसं धरत नाही आणि तिला कसरही लागत नाही. हौसेनं सुती दोऱ्याचं एक विणलं होतं, त्याला मात्र कुबट वास सुटला. कचऱ्यात गेलेलं ते हेच. आता पुठ्ठ्याऐवजी आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून घालते आणि तळाशी एक चपटा दगड. पंख्याच्या वाऱ्यानं घरं पडत नाहीत.

ॲक्रिलिकची एक खोड सांगून ठेवते. वाकडी भिंत सरळ करायला मी थेट गरम इस्त्री टेकवली. भिंत चकचकीत, चपटी झाली आणि टाक्यांचा उठाव कायमचा गेला. ते घर आता भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

परत घेईन का? पत्रक एकदा मिळालं, आता किटचं काम नाही. एका घराला २५ ग्रॅमच्या आसपास लोकर लागते, ती बाजारात सुटी मिळते. शेजारच्या बाईंनी नाताळच्या गोठ्यासाठी तीन घरं सांगितली आहेत, बिनधुराड्याची. त्यातल्या एकाला बलकांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, हवा म्हणाल्या. पायऱ्या जमल्या, बसायचे दोन सोपे मात्र पाच-पाच टाक्यांचे, सुईवर नीट राहतच नाहीत. काल रात्री तिसऱ्यांदा उसवले.