भरघोस भाडं की भाववाढ: भाड्यानं द्यायचं घर कुठं घ्यावं?

भाड्यानं द्यायला घर घ्यायचं ठरलं की साधारण दोन जागा समोर येतात. शहराबाहेर, नव्या कंपन्यांच्या आसपासचं स्वस्त घर. किमतीच्या मानानं भाडं भरघोस. नाहीतर जुन्या, गच्च वस्तीतलं महागडं आणि लहान घर. भाडं बेताचं, पण भाव चढता. मी आधी पहिलं घेतलं, मग ते विकून दुसरं. तेव्हा माझं पारडं कुठं झुकलंय ते कळलंच असेल.

कागदावर बाहेरचं घर जिंकतं. तिथं वर्षाचं भाडं किमतीच्या 7 टक्के, जुन्या वस्तीत 4, असं धरू. पण हे 7 बाराही महिने भाडेकरू असेल तर. माझ्याकडे कुणी वर्षावर टिकलाच नाही. घरात खोट नव्हती. समोर मोकळी जमीन होती आणि तिच्यावर सतत नवी इमारत उभी राहायची, भाडं आमच्याइतकंच. दोन महिने घर रिकामं, एका महिन्याचं भाडं दलाली आणि रंगात. 7 चे सव्वापाच झाले, कर आणि दुरुस्ती वेगळी.

खरा वैताग किल्लीचा. कुणी घर बघायला येणार म्हणून रविवारी दीड तास प्रवास करायचा. कुलूप काढलं की गटाराचा वास, कारण बंद घरात मोरीच्या जाळीखालचं पाणी आटलेलं. बादलीभर पाणी ओतायचं, खिडक्या उघडायच्या, तोवर फोन: ‘आज नाही जमत, पुढच्या रविवारी बघू.’ हप्ता मात्र तारखेला जायचाच.

जुन्या वस्तीतला भाडेकरू आता चौथ्या वर्षात आहे. मुलीची शाळा जवळ, म्हणून हलत नाही. भाववाढ म्हणाल तर ती जागेची असते, इमारत झिजतच जाते. नवं बांधायला जागाच नसलेल्या वस्तीवर माझा भरवसा म्हणूनच जास्त. वर्षाला 6 टक्के वाढ झाली तर किंमत 12 वर्षांत दुप्पट, 3 टक्क्यांनी 24 लागतात. अर्थात हमी कुणाची नाही, आणि विकेपर्यंत ती वाढ खिशात येत नाही.

हप्ता भाड्यातूनच फेडायचा असेल तर माझं ऐकू नका. जुन्या वस्तीत फरक पदरचा घालावा लागतो. मग बाहेरचंच घ्या. फक्त आसपास मोकळी जमीन किती आहे, भाडेकरू एकाच कंपनीच्या जिवावर येतात का, हे आधी बघा. आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.