फ्रान्सचा भिंतीवरचा नकाशा: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

फ्रेंच शिकायला लागले तेव्हाच ठरवलं होतं की भाषेबरोबर तो देशही नीट समजून घ्यायचा. त्यासाठी फ्रान्सचा लॅमिनेट केलेला, साधारण मीटरभर रुंद नकाशा ऑनलाइन मागवला. सगळी नावं फ्रेंचमध्ये, डोंगर-पठारं रंगछटांनी दाखवलेली, वर देपार्तमाँच्या म्हणजे जिल्ह्यांच्या सीमा आणि क्रमांक. टेबलासमोर लावून आता सहा-सात महिने होतील. जोडीला फोनवर एक क्विझ ॲप वापरून पाहिलं आणि ‘आयजीएन’ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेची मोफत वेबसाइटही वापरते. पण खरं शिकवलं ते नकाशाने, आणि त्यातही त्यावरच्या नद्यांनी.

नवशिक्या माणूस आयफेल टॉवर, नोत्र दाम, व्हर्साय अशी यादी पाठ करायला घेतो. ती टिकत नाही, कारण त्या नावांना धरून ठेवणारं काहीच नसतं. त्याऐवजी सीन, ल्वार, गारोन आणि रोन या चार नद्या आधी पक्क्या करा. ल्वारचंच बघा. आग्नेयेकडच्या डोंगराळ भागात ती उगम पावते. भूमध्य समुद्र तिथून जवळ, पण नदी निघते उत्तरेला. ऑर्लेआँपाशी पश्चिमेकडे वळते आणि हजार किलोमीटरचा प्रवास करून अटलांटिकला मिळते. त्या वळणावर बोट ठेवलं की १४२९ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणारी फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क ऑर्लेआँचा वेढा उठवायला का धावली ते कळतं. तेव्हा उत्तरेकडचा बराचसा भाग इंग्रजांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हातात होता. ऑर्लेआँ पडलं असतं तर नदी ओलांडून दक्षिणेत उतरायची वाट मोकळी झाली असती. पुढे याच खोऱ्यात राजांचे महाल उभे राहिले. शाँबोरचं बांधकाम १५१९ मध्ये सुरू झालं. शनाँसोचा महाल तर शेर या उपनदीच्या पात्रावरच उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात हीच शेर सीमारेषा झाली. एका काठावर जर्मनांचा ताबा, दुसऱ्या काठावर जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच विशी सरकारचा कारभार, आणि महालाचं लांब दालन दोन्ही काठांना जोडणारं.

देपार्तमाँचे क्रमांक सुरुवातीला रुक्ष वाटतात, पण त्यांच्यात इतिहास ठासून भरलाय. क्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ देपार्तमाँ केले आणि बहुतेकांना नद्या-डोंगरांची नावं दिली, म्हणजे जुन्या प्रांतांचा अभिमान मागे पडावा. क्रमांक वर्णानुक्रमे लागतात, ०१ एँपासून ८९ योनपर्यंत. एमएच-१२ म्हटलं की आपल्याला पुणे आठवतं, तसं तिथे १३ म्हणजे मार्सेय आणि ६९ म्हणजे ल्यों. पिनकोडचे पहिले दोन आकडेही तेच. मग ९० कुठून आला? नकाशात पूर्वेला बेल्फोरचा इवलासा तुकडा दिसतो. १८७१ मध्ये जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतर अल्सास हा प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा वेढ्यात टिकून राहिलेला हा भाग फ्रान्सकडेच राहिला. अल्सास परत आल्यावरही तो त्यात विलीन झाला नाही, १९२२ मध्ये स्वतंत्र देपार्तमाँ झाला. ९१ ते ९५ हे पॅरिसभोवतालचे, १९६८ पासूनचे. कोर्सिकाचा २० हा क्रमांक १९७६ मध्ये २ए आणि २बी असा विभागला गेला.

लॅमिनेशनचा मोठा फायदा म्हणजे व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं. मी सर्वांत रमले ते ‘कनाल द्यु मिदी’ या जलवाहतुकीच्या कालव्यामध्ये. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे २४० किलोमीटरची निळी रेघ ओढली, तेव्हा मध्येच चढ लागला. नोरूझची खिंड सुमारे १९० मीटर उंचीवर आहे आणि पाणी चढावर जात नाही. मिठावरचा कर वसूल करणाऱ्या पिएर-पोल रिके या माणसाने यावर उपाय शोधला: शेजारच्या माँताञ नुआर डोंगरातले ओढे अडवायचे, साँ-फेरेओलच्या धरणात पाणी साठवायचं, चर खणून ते खिंडीत आणायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना सोडायचं. काम १६६६ मध्ये सुरू झालं, १६८१ मध्ये पुरं झालं. रिके त्याच्या काही महिने आधी वारला. नकाशावरचे उंचीचे रंग नसते तर ही करामत मला कधीच कळली नसती. म्हणून नुसता राजकीय नकाशा घेऊ नका. डोंगर-दऱ्या दाखवणाराच घ्या.

आयजीएनच्या वेबसाइटवर एकाच जागेचे जुने-नवे नकाशे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. एका बाजूला अठराव्या शतकातला कासिनी या नकाशाकार घराण्याचा नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं हवाई छायाचित्र. माँ-साँ-मिशेल, पॅरिसचा परिसर, बोर्दो, काहीही उघडा, तासभर कुठे गेला कळत नाही. मजकूर फ्रेंचमध्ये आहे, पण नवशिक्यालाही जमतो. क्विझ ॲप मात्र मी काढून टाकलं. नाव आलं की ठिपक्यावर बोट ठेवायचं एवढंच त्यात होतं. नद्या नाहीत, डोंगर नाहीत, काळ नाही.

नकाशाच्या तक्रारीही आहेत. ट्यूबलाइटचा उजेड लॅमिनेशनवर चकाकतो, त्यामुळे खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर हलवावा लागला. पॅरिसभोवतालची अक्षरं इतकी बारीक आहेत की चष्मा लावूनही वाकून वाचावं लागतं. विकत घेताना युरोपातल्या फ्रान्सचे प्रदेश (बहुतेक अनेक देपार्तमाँ मिळून एक) १३ आहेत ना ते मोजून घ्या. २२ असतील तर तो २०१६ आधीचा नकाशा आहे.

माझी खरी नाराजी कोपऱ्यातल्या चौकटींवर आहे. समुद्रापारचे पाच देपार्तमाँ तिथे काडेपेटीएवढे करून बसवलेत, आणि त्यांचं प्रमाण मुख्य नकाशाशी जुळत नाही. त्यातल्या दक्षिण अमेरिकेतल्या गुयानची ब्राझीलशी असलेली सीमा ७०० किलोमीटरहून लांब आहे. फ्रान्सची इतकी लांब सीमा स्पेनशीही नाही, पण ही चौकट बघून कोणाला तसं वाटणार नाही. हिंदी महासागरातल्या रेयुनियोंचीही तीच गत. या पाचांसाठी मी शेजारी जगाचा नकाशा लावलाय आणि त्यावर त्याच मार्करने गोल केलेत.