पातळ कट: घोस्ट बॉल, पाव बॉल की कडेला कड?

पूल या टेबलावरच्या खेळात साठ अंशांच्या पुढचा कट, म्हणजे बॉल मारलेल्या दिशेपासून तितक्या कोनात वळवायचा शॉट, आला की बहुतेकांचा नेम डळमळतो. नेम धरायच्या तीन पद्धती प्रचलित आहेत आणि कागदावर तिन्ही बरोबरच आहेत. पण बॉल जसजसा पातळ, म्हणजे नुसता कडेला, लागायला हवा, तसतसं कोणत्या पद्धतीत डोळ्यांना धरायला काही उरतं, यावर सगळं ठरतं.

आधी नेम थोडा चुकला तर किती फरक पडतो, याचा हिशेब पाहू. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. जवळपास सरळ शॉटला क्यू बॉल (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल) १ मिलिमीटर बाजूला लागला, तर ऑब्जेक्ट बॉलची (पॉकेटमध्ये घालायच्या बॉलची) दिशा साधारण १ अंशाने बदलते. ६० अंशांच्या कटला तीच चूक २ अंशांची होते, ७५ अंशांना जवळजवळ ४.

घोस्ट बॉलची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते: पॉकेटपासून ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यातून रेघ काढायची, तिच्यावर मागच्या बाजूला चिकटून एक काल्पनिक बॉल मांडायचा आणि क्यू बॉल नेमका तिथे पोहोचवायचा. शिकताना याहून चांगली पद्धत नाही. मात्र ७५ अंशांच्या कटला त्या काल्पनिक बॉलचा मध्य ऑब्जेक्ट बॉलच्या कडेच्या बाहेर सुमारे २७ मिलिमीटरवर येतो. तिथे नुसतं कापड. नजर टिकत नाही, हळूच खऱ्या बॉलकडे सरकते आणि शॉट जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा मध्याच्या जवळ, लागतो. पातळ कट पॉकेटच्या अलीकडे कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) आदळतात, त्यातले बरेचसे असे.

दुसरी पद्धत भागांची. क्यू बॉलने ऑब्जेक्ट बॉलचा किती भाग झाकायचा ते ठरवायचं: अर्ध्या बॉलला ३० अंश, पाव बॉलला सुमारे ४९, एक अष्टमांशाला ६१. तीस-पन्नास अंशांच्या कटला मी हीच वापरेन, कारण झटपट होते आणि सवयीने पक्की बसते. पण ६१ नंतर काय? अष्टमांश म्हणजे ७ मिलिमीटर, आणि उरलेले सगळे २९ अंश त्या ७ मिलिमीटरमध्ये कोंबलेले. जिथे सर्वात बारीक मोजमाप हवं, नेमकी तिथेच ही पट्टी संपते.

मग उरते कडेला कड. ७५ अंशांना दोन्ही बॉल एकमेकांना जेमतेम २ मिलिमीटर झाकतात, म्हणजे स्पर्शबिंदू दोघांच्याही कडेपासून फक्त १ मिलिमीटर आत. अशा वेळी मध्याचा विचार सोडून क्यू बॉलची कड समोरच्या कडेवर किती चढवायची, एवढंच बघायचं. कड स्पष्ट दिसते, कल्पनेने मांडावी लागत नाही. गोम एकच: जवळचा क्यू बॉल डोळ्याला मोठा दिसतो, त्यामुळे दोन्ही कडा जोडणारी रेघ क्यूच्या दिशेला समांतर धरावी लागते. पंचावन्नच्या खाली ही पद्धत निरुपयोगी; ६५ च्या पुढे मात्र मला तिला तोड दिसत नाही.

साइड द्यावी (क्यू बॉलला बाजूला मारून फिरकी द्यावी) की साधं मारावं, हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या साइडने (कटच्या उलट बाजूच्या फिरकीने) थ्रो, म्हणजे घर्षणामुळे ऑब्जेक्ट बॉलचं वाटेवरून ढळणं, कमी होतो, हे खरं. पण थ्रोचा त्रास सर्वात जास्त होतो तो अर्ध्या बॉलच्या आसपासच्या, हळू मारलेल्या शॉटला. पातळ आणि वेगाने मारलेल्या शॉटला तो बराच कमी असतो. (बॉल मळलेले असतील तर थोडा वाढतो.) उलट साइडमुळे क्यू बॉल नेमाच्या रेषेवरून १ अंश जरी ढळला, तरी मीटरभर अंतरावर ती चूक १७ मिलिमीटरची. आणि झाकायचे असतात जेमतेम दोन मिलिमीटर. क्यू बॉल जवळ असेल किंवा पुढच्या पोझिशनसाठी गरजच असेल तर साइड द्या, नाहीतर साधं मारा.

वेगाचं गणित लोक विसरतात. ७५ अंशांच्या कटला ऑब्जेक्ट बॉलला क्यू बॉलच्या वेगाचा चौथा हिस्सा मिळतो, क्यू बॉलकडे मात्र त्याचा जवळपास सगळा वेग राहतो. ढोबळमानाने ऑब्जेक्ट बॉलच्या चौदापट ऊर्जा क्यू बॉलकडे. म्हणजे बॉल पडला तरी क्यू बॉल टेबलभर फिरणार, आणि तो कोणत्या पॉकेटच्या वाटेने जाणार हे आधी पाहिलेलं बरं.

म्हणून कट घ्यायचा की सोडायचा, हे मी ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून किती लांब आहे यावर ठरवतो. ३० सेंटिमीटरवर असेल तर ४ अंशांची चूक २ सेंटिमीटर होते, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात तेवढी जागा असते. मीटरभर लांब असेल तर तीच चूक ७ सेंटिमीटर, आणि शॉट गेला. त्याहून पातळ जाऊन बॉल अजिबात लागलाच नाही तर फाउल, प्रतिस्पर्ध्याला क्यू बॉल हातात. लांबच्या बॉलला तोच पातळ स्पर्श सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला अडचणीत ठेवणारा बचावाचा शॉट) म्हणून वापरता येतो: ऑब्जेक्ट बॉल जागचा फारसा हलत नाही, आणि क्यू बॉल कुशनला लागून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो.